नवरदेवाचं रुखवत

ज्या माणसाला पाच-पाच भाषांत प्रोग्राम लिहिता येतात, त्याला या जगात अशक्य असं काही नसतं! निदान माझ्या साखरपुड्याच्या दिवशी, तोंडात पेढा आणि समोर ऋतिका असताना, माझं असं ठाम मत होतं. मत कसलं, माज म्हणा!

मी स्वरूप. गाव पूर्णगड, नोकरी पुण्याच्या कंपनीत आणि खुर्ची आमच्याच घराच्या माडीवर. कंपनीला वाटतं मी पुण्याला यावं, मला वाटतं कंपनीनं पूर्णगडला यावं. हा तिढा सुटेपर्यंत माडीच्या ज्या कोपऱ्यात नेट येतं, त्या कोपऱ्यात मी बसतो.

ऋतिका रत्नागिरीत माळनाक्याजवळ ब्लाऊज शिवते. तिच्या हातचा ब्लाऊज असल्याशिवाय अर्ध्या तालुक्यातल्या नवऱ्या बोहल्यावर चढत नाहीत. शिवताना ती खालचा ओठ दाताखाली धरते, मशीन थांबलं की सोडते. मी लग्नाला तयार झालो तो तिथंच. दुकानाचा गाळा मात्र तिचा नाही, तिच्या आत्याचा. ऋतिकाचे आईवडील मुंबईत, ती लहानपणापासून मालनआत्यांकडे वाढलेली. गाळ्याची किल्ली आत्यांच्या कमरेला. सकाळी शटर उघडणार त्या, संध्याकाळी लावणार त्या, आणि मध्ये कुणाला उसवून द्यायचं झालं तर उसवणार पण त्याच!

तर साखरपुडा झाला, जेवणं झाली, आणि सुपारी कातरता कातरता आत्यांनी बॉम्ब टाकला.

"ऋतिका, उद्यापासून दुकान बंद. लग्नापर्यंत घरी बसायचं आणि रुखवत करायचं."

"अगो आत्या, माघातल्या सगळ्या नवऱ्यांचे ब्लाऊज माझ्याकडं आहेत! त्यांनी काय टॉवेल गुंडाळून लग्नं लावायची?"

"ता माका सांगू नको. आपल्या घरात रुखवताचं टेबल हातच्या कामानंच भरतात. माझ्या आयशीनं भरलान, मी भरलंय. इकतचं एक तोरण लावलंन न्हाय कुणी!"

तेवढ्यात गुरुप्रसादनं खुर्ची पुढं ओढली. गुरुप्रसाद म्हणजे आत्यांचा पुतण्या. आत्यांना तो काकी म्हणतो आणि काकींच्या गाळ्याला मनातल्या मनात 'आपला गाळा' म्हणतो. त्याला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. बोर्ड रंगवून घरी तयार होता!

"काकी, तसंही लग्न झाल्यावर ऋतिका पूर्णगडला जाणार," तो गोड आवाजात म्हणाला. "गाळा रिकामाच पडायचा. सासरची माणसं काय रोज दुकानावर पाठवणार आहेत?"

ऋतिकाचा चेहरा पाहवेना. साखरपुड्याची अंगठी घातलेल्या बोटानं ती ताटातला एकच भाताचा कण इकडून तिकडं सरकवत होती. आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "रुखवत मी करतो!"

माझे वडील आप्पा ताक पीत होते, त्यांना ठसका लागला.

"तू?" आत्या म्हणाल्या. "तुला सुई धरता येते?"

आता मागं हटतो तो प्रोग्रामर कसला! "आत्या, त्यात काय आहे? विणकाम म्हणा, शिवणकाम म्हणा, आमच्या कंप्युटरच्या भाषाच आहेत त्या. आता बघा, क्रोशा म्हणजे पायथॉन. एक सुई, एक दोरा, बसल्या जागी सुरू. दोन दिवसांत ज्याला त्याला वाटतं, आपल्याला सगळं येतं!"

"आणि हातमाग?" कुणीतरी मागून विचारलं.

"हातमाग म्हणजे सी. सगळं आपणच मांडायचं, आपणच ओढायचं. एक धागा भलत्या जागी गेला की लुगडंही गेलं आणि मागही गेला."

"गोधडी?" आता ऋतिकाच्या डोळ्यांत जरा जीव आला होता.

"जावास्क्रिप्ट! कुणाच्या साडीचा तुकडा, कुणाच्या सदऱ्याचा. आत काय भरलंय ते शिवणाऱ्याला पण माहीत नाही. पण सगळं जग तीच पांघरून झोपतं!"

"आणि माझं शिलाई मशीन?"

"जावा. साधा रुमाल शिवायचा तरी आधी माप घ्या, मग कागद कापा, मग कापड कापा, मग अस्तर लावा..."

"रुमालाला अस्तर कोण लावतं?"

"तेच तर! जावावाले लावतात!"

बैठक हसायला लागली. मला चेव चढला. "आणि कोबोल म्हणजे पेटीतलं पणजीचं लुगडं! नेसायला कुणाला येत नाही, टाकून द्यायची कुणाची छाती नाही, आणि सगळ्या बँका अजून तेच नेसून बसल्यात."

आप्पा जन्मभर बँकेत कारकून होते. "तरीच!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "तरीच आमच्या बँकेचं दर सोमवारी सुटायचं!"

आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "बोलून झालं? मंग आता कर. लग्नाच्या दिवशी टेबल भरलेलं दिसलं, आणि काम तुझ्याच हातचं असलं, तर ही किल्ली ऋतिकाच्या हातात. कायमची. दुकान ती चालवील, मी इचारायची न्हाय. पण टेबल रिकामं दिसलं, नायतर इकतचं निघालं, तर गुरुप्रसादचा बोर्ड लागला समज. तोवर दुकान चालू ऱ्हाऊ दे, पण ऋतिकानं रुखवताच्या टाक्याला हात लावायचा न्हाय. कबूल?"

"कबूल!" मी गरजलो. गुरुप्रसाद हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

निघताना ऋतिका दारापर्यंत आली. "सगळं सांगितलंस, ब्लाऊज कुठली भाषा ते नाही सांगितलंस."

"कुठली?"

"ब्लाऊज भाषाच नाही. ब्लाऊज म्हणजे क्लायंट. माप देताना पोट आत घेतं आणि घालून बघताना बाहेर सोडतं!" मग ती हळूच म्हणाली, "स्वरूप, जमेल ना रे? ते दुकान म्हणजे माझं सगळं आहे."

मी म्हटलं, "दुकान गेलंच कुठं?" आणि फाटकातून बाहेर पडल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे मोबाईलवर क्रोशाची सुई कशी दिसते ते पाहिलं.

आमच्या शेजारी हौसाकाकू राहतात. त्यांच्या घरात उघडं असं काही नाही. फोनला रुमाल, मिक्सरला झगा, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा परकर, सगळं क्रोशाचं! काका बिचारे एका जागी फार वेळ बसत नाहीत, मला वाटतं ते त्याच भीतीनं. मी काकूंचं शिष्यत्व पत्करलं. रोज संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसायचं, हातात सुई, मांडीवर गुंडा.

पहिला रुमाल करायला घेतला. तो सपाट व्हायचा सोडून कडेनं कोबीच्या पानासारखा फुगायला लागला. मी उसवला, पुन्हा केला. पुन्हा कोबी! काकू चक्रावल्या. क्रोशात उभ्या टाक्याला खांब म्हणतात.

"अरे, मी सांगत्ये तेवढेच खांब घालतोस ना?"

"अगदी तेवढेच काकू. मोजून."

"माझ्यासमोर मोज बघू."

"शून्य, एक, दोन, तीन..."

"थांब! शून्य काय?"

"आम्ही शून्यापासून मोजतो, काकू."

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "शून्यावा टाका मला दाखव बघू कुठाय तो!"

तर हे असं. पंधरा वर्षांची सवय सुईच्या एका टोकानं सुटत नाही. प्रत्येक ओळीत माझा एक टाका जास्त पडत होता. पण एकदा एकपासून मोजायला लागलो आणि काय सांगू, रुमाल सपाट झाला! पानासारखा सपाट! शेवटाचं काय ते काकूंनी माझ्या नकळत आवरलं आणि आईनं तो देवापुढं ठेवला.

मग मला वेडच लागलं. ऑफिसच्या मीटिंगा चालू असताना मी कॅमेरा बंद करून विणायचो. एकदा आवाज बंद करायचा राहिला. पुण्याचे साहेब कामाची तारीख विचारत होते आणि सगळ्या कंपनीला माझा आवाज ऐकू गेला, "तीन खांब, एक मुका खांब, आता मध्ये जागा सोडा आणि पुन्हा खांब!"

साहेब म्हणाले, "स्वरूप, गावाकडं बांधकाम काढलंय का? तसं असेल तर सुट्टी घ्या ना."

घेतली! फुकट मिळालेली सुट्टी कोण सोडतो? आता मी दिवसासुद्धा ओटीवर बसून विणायला लागलो. आणि इथं एक घोटाळा झाला. पूर्णगडात ओटीवर बसलेला माणूस सगळ्या गावाला दिसतो. भरदिवसा, लुंगी नेसून, लॅपटॉपशिवाय, दोरा विणत बसलेला इंजिनियर! दोन दिवसांत बातमी बंदरापर्यंत गेली. स्वरूपची नोकरी गेली! डोक्यावर परिणाम झालाय! पोटासाठी विणकाम करतोय बिचारा!

लोक मायेचे. कुणी बांगडे आणून दिले. कुणी सांगितलं, आंब्याच्या कॅनिंगमध्ये जागा आहे, शब्द टाकतो. एका आजींनी तर नातीच्या कुंचीची ऑर्डर दिली, वर म्हणाल्या, "पैशे आधीच घे हां, लाजू नको." आप्पा बाजारात गेले की लोक त्यांचा खांदा थोपटायचे. आप्पांना कारण कळेना. त्यांना वाटलं, आपलं वय झालं असं सगळ्यांना वाटतंय. ते घरी येऊन गुडघ्याचे व्यायाम करायला लागले.

बातमी व्हायची तशी माळनाक्यापर्यंत पोचली. आत्या थेट दुपारच्या एसटीनं पूर्णगडला हजर!

"नोकरी गेली ता खरं काय?"

"नाही हो आत्या! रुखवत करतोय, सुट्टी काढून!"

आत्यांनी ओटीवर नजर टाकली. तोरण निम्मं झालं होतं. त्यांनी ते उचललं, उलटं केलं, डोळ्याजवळ नेलं. मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा तोरणाकडं.

"ह्ये तू केलंस?"

"मीच!"

"मंग नोकरी गेली असती तरी पोट भरलं असतंस," एवढंच म्हणून त्या गेल्या. ही शाबासकी होती की संशय, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

आता खरा घात कुठं झाला ते ऐका. तोरण पुरं होत आलं आणि मी काकूंकडं गेलो, तर पडवीला कुलूप! त्यांच्या मुंबईच्या लेकीला दिवस पुरे भरायच्या आतच दवाखान्यात नेलं होतं, काकू मिळेल त्या गाडीनं गेल्या. मला सुरवात शिकवली होती, मधलं सगळं शिकवलं होतं, फक्त शेवट कसा करायचा, ते राहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा. बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या बाईला फोन करून विचारू, की काकू, दोरा कसा कापू? बरं, मोबाईलवर बघायचं. बघितलं असतं हो! पण शेवट करायचा असतो, हे डोक्यात यायला तर हवं! आमच्या धंद्यात चांगला प्रोग्राम थांबत नाही. जो थांबतो त्याला आम्ही बिघडला असं म्हणतो आणि रात्री-अपरात्री उठून पुन्हा चालू करतो. चालू असलेल्या कामात काही कापायचं नाही, हे तर आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. मी तोरणाच्या टोकाला आलो आणि विचार केला, तोडायचं कशाला? तीच साखळी वीतभर पुढं नेली आणि तिथून ताटावरचा रुमाल सुरू केला. रुमालापुढं साखळी, आणि बाटलीचा झगा. झग्यापुढं साखळी, आणि मण्यांची पर्स. गुंडा संपला की पुढच्या गुंड्याला गाठ. सगळं रुखवत एकाच दोऱ्यात! मला तर वाटलं, आजवर कुणाला हे कसं सुचलं नाही? मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या रात्री दोनदा उठून ते बघून आलो.

लग्नाचा दिवस उजाडला. कार्यालयात बोहल्याच्या शेजारीच रुखवताचं टेबल. माझी बहीण सानवी आणि मी सगळं मांडलं. मधल्या साखळ्या झेंडूच्या पाकळ्यांखाली दडवल्या. पर्सच्या शेवटच्या टाक्यात सुई तशीच अडकवलेली होती आणि उरलेला गुंडा, लिंबाएवढा, टेबलाच्या कापडाखाली ठेवला. काय दिसत होतं म्हणून सांगू! खळ दिलेलं तोरण ताठ उभं, रुमाल चंद्रासारखा, बाटली तर नवरीसारखी नटलेली! बायका फोटो काढत होत्या. "नवऱ्यामुलानं केलंय" असं कळलं की त्या आपापल्या नवऱ्यांकडं बघत होत्या आणि नवरे छताकडं.

ऋतिका बाशिंग सावरत खिडकीतून डोकावली आणि नुसती हसली. तिचे सगळे ब्लाऊज शिवून झाले होते, घरोघर पोचले होते. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात गुरुप्रसाद आला. टेबलाभोवती फिरला. वाकून बघितलं.

"काकी, हे हातचं काम नाही!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एवढं सफाईदार काम कुठं पुरुषाच्या हातून होतं? एक तर बाजारातून आणलंय, नाही तर ऋतिकानं रात्री बसून केलंय. भावोजी, खरं सांगा, केवढ्याला पडलं?"

आत्या पुढं आल्या. तीच पूर्णगडच्या ओटीवरची नजर. "स्वरूप, मला बी तेच वाटतंय रे. म्हैन्याभरात एवढं? माझ्या गळ्याशपथ सांग, इकतचं न्हाय ना?"

"आत्या, शपथ! माझ्याच हातचं!"

"किमतीची चिठ्ठी असेल की कुठंतरी," म्हणत गुरुप्रसाद टेबलाचं कापड वर करायला वाकला.

कापडाखाली गुंडा! गुंडा दिसला की दोरा दिसणार, दोरा दिसला की सुई दिसणार, आणि सुई दिसली की काम अपुरं म्हणून बोंब मारणार! मी झडप घातली. गुंडा उचलून शेरवानीच्या खिशात कोंबला, आणि दुसऱ्या हातानं पर्समधली सुई उपसून तीही खिशात टाकली. गुरुप्रसादला कापडाखाली फक्त जमीन सापडली.

क्रोशाच्या जाणकार बायकांनी इथं कपाळावर हात मारून घ्यावा. शेवटचा टाका न बांधता सुई काढणं म्हणजे काय, ते त्यांना कळेल. मला कळत नव्हतं!

"नवरदेव! मुहूर्त!" भटजी ओरडले. मी खिशात गुंडा घेऊन तसाच बोहल्यावर चढलो. दोरा बारीक, पांढरा, खिशातून टेबलापर्यंत लोंबत आलेला, कुणाच्या नजरेत आला नाही. मी हललो की खिशातला गुंडा आपला फिरायचा आणि दोरा सुटायचा, टेबलाला धक्का नाही. माझी योजना अशी चोख होती. अंतरपाट झाला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. सगळं सुरळीत!

मग माझा शेला आणि ऋतिकाचा शालू यांची गाठ मारायची वेळ आली. ते काम करवलीचं, म्हणजे सानवीचं. सानवीला जे करायचं ते घट्ट करायची सवय आहे. तिनं शेला घेतला, शालू घेतला, आणि मध्ये आलेला माझा दोरा पण घेतला, आणि तिघांची मिळून अशी गाठ मारली की जन्मोजन्मी सुटू नये!

"अग्नीला प्रदक्षिणा घाला," भटजी म्हणाले.

आम्ही निघालो. मी चाललो, शेला चालला, गाठ चालली, आणि गाठीबरोबर दोरा चालला. खिशातला गुंडा आता निरुपयोगी! मला टेबलाकडून बारीक टिक-टिक-टिक असा आवाज आला. पाहतो तर पर्सचा बंद नाहीसा झालेला. दुसऱ्या क्षणाला पर्सचं तोंड गेलं. मणी टपाटपा खाली पडायला लागले!

थांबू कसा? प्रदक्षिणा मध्येच सोडलेला नवरदेव कुणी पाहिलाय? मी डोळ्यांनी सानवीला खुणा केल्या. तिला वाटलं, दादा भावुक झालाय. तिनं डोळे पुसले!

दुसरी प्रदक्षिणा. पर्स संपली. आता साखळी सुटून बाटलीच्या झग्याची पाळी! झालर फिरत फिरत उलगडली, मग कमर, मग गळा. ऋतिकाच्या लक्षात आलं. ती पुटपुटली, "स्वरूप, तुझं रुखवत कपडे काढतंय!"

"चालत राहा," मी दातांतून म्हटलं.

"भटजींना बघ!"

भटजी होमाजवळ बसलेले. आमची प्रत्येक फेरी त्यांच्याभोवती होत होती, आणि दोरा पण. छातीशी दोरा, दंडाला दोरा, हातातली तुपाची पळी दोऱ्यात गुंतलेली. मंत्र तेवढे अखंड चालू. बाजूला झगा पुरता उतरला आणि आतली बाटली भर मांडवात उघडी पडली. घरात सापडली ती बाटली मी घेतली होती. आप्पांच्या संध्याकाळच्या औषधाची! लेबल असं पाहुण्यांकडं तोंड करून. आईनं आप्पांकडं बघितलं. आप्पा एकदम गुडघ्याचा व्यायाम करायला लागले.

तिसऱ्या फेरीत रुमाल गेला. मांडव हसून हसून लोळत होता. भटजी शेवटचा मंत्र म्हणून हात जोडायला गेले, तर हात आधीच जोडलेले!

"बघा काकी, बघा!" गुरुप्रसाद खुर्चीवर चढला. "टेबल रिकामं! एक तोरण उरलंय, ते पण चाललंय! पैज हरले! बोर्ड घेऊन येऊ काय?"

हसू एकदम थांबलं. ऋतिकाचा हात माझ्या हातात होता, तो गार पडला. या मुलीचं दुकान मी अक्षरशः सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उसवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्या सावकाश टेबलाकडं गेल्या. जमिनीवरचा दोऱ्याचा ढीग त्यांनी उचलला. अजून कुरळा होता, टाक्यांचा वळ तसाच. त्यांनी तो बोटांवर ओढून पाहिला, दोऱ्याचं टोक शोधत शोधत बोहल्यापर्यंत आल्या, माझ्या खिशात हात घातला, आणि लिंबाएवढा गुंडा आणि क्रोशाची सुई बाहेर काढली.

"शेवटची गाठ कुठाय रे?"

"ती... शिकायची राहिली, आत्या."

"आणि समदं एकाच दोऱ्यात?"

"कापायचं मला जीवावर आलं."

आत्या गुरुप्रसादकडं वळल्या. "तू मघाशी काय बोललास? बाजारातलं हाय म्हणून?"

"हो, म्हणजे... पण आता टेबल..."

"मेल्या, बाजारातलं असं सुटतं काय? आणि ऋतिकाच्या हातचं? माझी पोर झोपेत शिवलान तरी टाका बांधूनच उठेल! ह्येच्याएवढं येडपट काम इकत मिळायचं न्हाय, मागून मिळायचं न्हाय. ह्ये ह्येनंच केलंय, दुसरं कोण करील?" त्यांनी तो ढीग उंच धरला, सगळ्या मांडवाला दाखवला. "टेबल भरलेलं मी मघाशी माझ्या डोळ्यांनी बघितलं. हात कुणाचा ता आता बघितलं. उतर खुर्चीवरनं!"

गुरुप्रसाद उतरला. आत्यांनी कमरेची किल्ली सोडवली. इतक्या वर्षांत ती कमरेवरून निघालेली कुणी पाहिली नव्हती, त्यांना स्वतःलाच ती सोडवता येईना, शेवटी सानवीनं मदत केली. किल्ली त्यांनी ऋतिकाच्या हातात ठेवली आणि तिची मूठ वरून मिटली. ऋतिका रडायला लागली. आत्यापण. मग मीही थोडं रडून घेतलं, कारण नाक पुसायला रुमाल शोधला तर तो भटजींच्या अंगावर होता.

"दुकान तुझं," आत्या नाक ओढत म्हणाल्या. "पण एक अट हाय."

आता आणखी काय?

"ह्येनं दुकानात यावं, बसावं, चाय प्यावी, गिऱ्हाइकांना हसवावं. पण सुईला, दोऱ्याला, न् कात्रीला हात..."

"कबूल!" ऋतिका म्हणाली.

भटजी अजून दोऱ्यातून सुटायचे होते. मी तिच्याकडं बघतच राहिलो. माझ्याशी लग्न करायचं की नाही, हे ठरवायला याच मुलीनं महिनाभर घेतला होता. माझ्या दोन मित्रांना फोन करून चौकशा केल्या होत्या, मला तीनदा चहाला बोलावून तीनदा 'अजून बघते' म्हणाली होती. आणि या अटीला तिनं आत्यांचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही!